ताफ्याची जन्मपत्रिका

२६ सप्टेंबर २०२५च्या सकाळी चंडीगडच्या विमानतळावर मिग-२१ विमानांना निरोप दिला जात होता, तेव्हा मी नाशिकला वडिलांशेजारी बसून तो सोहळा टीव्हीवर पाहत होते. वडील सत्त्याहत्तर वर्षांचे. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून सदतीस वर्षे काढली. पाण्याच्या फवाऱ्यांच्या कमानीखालून विमाने जाऊ लागली तसे ते खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "शेपटीवरचा नंबर वाचता येतोय का बघ." मला तो वाचता आला नाही.

नंबर कशाला हवा होता, हे त्यांनी नंतर सांगितले. आपल्याला सगळी मिग सारखीच दिसतात, पण कारखान्यातल्या माणसाला प्रत्येक विमान वेगळे ओळखू येते. त्याची स्वतःची वही असते. ते कधी जोडले, किती तास उडाले, कुठला पत्रा बदलला, कुठले इंजिन काढून कुठले बसवले, सगळे तीत लिहिलेले असते. ती वही हे त्या विमानाचे खरे चरित्र. त्या दिवसापासून मी आपल्या सैन्यदलांकडे आज असलेल्या विमानांची यादी निराळ्या नजरेने वाचू लागले. वेग, पल्ला, क्षेपणास्त्रे हे रकाने बाजूला ठेवले आणि प्रत्येक नावापुढे दोनच गोष्टी लिहिल्या : जन्म केव्हाचा आणि माहेर कुठले. पाहता पाहता त्या यादीची जन्मपत्रिका झाली, आणि तिच्यातले आजचे बहुतेक ग्रह तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या निर्णयांनी बसवलेले निघाले.

आधी लढाऊ विमाने पाहू. मिग-२१ पहिल्यांदा १९६३ साली चंडीगडला दाखल झाले. बासष्ट वर्षांनी ते गेले, तेव्हा हवाई दलाकडे लढाऊ विमानांच्या २९ स्क्वाड्रन उरल्या. मंजूर संख्या आहे ४२. एका स्क्वाड्रनमध्ये साधारण सोळा ते अठरा विमाने असतात. त्यांतली काही प्रशिक्षणासाठी दोन आसनांची, काही तपासणीसाठी हँगरमध्ये. म्हणजे कागदावरची अठरा आणि उद्या सकाळी आकाशात झेपावू शकणारी अठरा यांत नेहमीच फरक असतो.

या २९ स्क्वाड्रनमध्ये जग्वारच्या सहा आहेत, मिराज २०००च्या तीन आणि मिग-२९च्या तीन. जग्वार १९७९ साली आले, मिराज १९८५ साली ग्वाल्हेरला आणि मिग-२९ १९८७ साली. म्हणजे बारा स्क्वाड्रन अशा विमानांच्या, जी आली तेव्हा आज ती उडवणाऱ्या तरुण वैमानिकांचा जन्मही झालेला नव्हता. राफेल ३६ घेतली, त्यांच्या दोन स्क्वाड्रन. देशात घडलेल्या तेजसच्या दोन. उरलेल्या सगळ्या सुखोई-३०च्या. म्हणून आजच्या हवाई दलाचा कणा म्हणजे सुखोई, असे निःशंकपणे म्हणता येते. एकूण २७२ सुखोईंची मागणी नोंदवली गेली आणि त्यांतली दोनशेहून अधिक ओझरला जोडली गेली.

शाळेत आपण हौदाची गणिते केली आहेत. एका नळाने पाणी येते, दुसऱ्याने जाते, हौद केव्हा भरेल? ताफ्याचे गणित नेमके तेच आहे. तेजसच्या सुधारित मार्क-१ए प्रकारची ८३ विमाने फेब्रुवारी २०२१मध्ये मागवली गेली, आणखी ९७ सप्टेंबर २०२५मध्ये. एकूण १८०, म्हणजे सुमारे दहा स्क्वाड्रन. एकोणतीस आणि दहा एकोणचाळीस, बेचाळीस फार दूर नाही, असे वाटते. पण याच काळात वर सांगितलेल्या बारा स्क्वाड्रनचे वय भरत जाणार आहे. वरून दहा येणार आणि खालून बारा जाणार. नवी खरेदी जाहीर झाली की बातमीत वरचा नळ तेवढा दिसतो, खालच्या नळाचा आवाज कुणाला येत नाही.

वय भरते म्हणजे काय? विमान वर्षांनी म्हातारे होते, तसेच तासांनीही होते. प्रत्येक उड्डाणात पंखांवर ताण येतो आणि उतरताना तो सुटतो. तार वारंवार वाकवली की अखेर तुटते, तसे धातूचे होते, फक्त फार सावकाश. म्हणून ठरावीक तासांनंतर किंवा ठरावीक वर्षांनंतर विमान पुरते उघडून तपासावे लागते. भेगा शोधायच्या, वायरी बदलायच्या, नळ्या बदलायच्या आणि पुन्हा जोडायचे. याला ओव्हरहॉल म्हणतात. हवाई दलाच्या देखभालीचा कारभार नागपूरच्या मेंटेनन्स कमांडकडून चालतो आणि लढाऊ विमानांच्या ओव्हरहॉलचे मोठे काम ओझरच्या अकरा क्रमांकाच्या बेस रिपेअर डेपोत होते. ओव्हरहॉल केलेले पहिले सुखोई या डेपोने एप्रिल २०१८मध्ये हवाई दलाच्या स्वाधीन केले. मुंबई-आग्रा रस्त्याने जाताना द्राक्षबागांपलीकडे दिसणाऱ्या त्या शेडमध्ये देशाच्या संरक्षणाची किती वर्षे वाढवून मिळतात, याचा आपल्याला पत्ताही नसतो.

पण ओव्हरहॉलला सुटे भाग लागतात, आणि इथे माहेरचा प्रश्न येतो. जग्वार हे ब्रिटन आणि फ्रान्सचे संयुक्त अपत्य. फ्रान्सने ते २००५ साली निवृत्त केले, ब्रिटनने २००७ साली. आज ते उडवणारा जगात एकच देश उरला आहे, तो म्हणजे आपण. ज्या घरी ते जन्मले, तिथे आता त्याचे कुणी नाही. म्हणून इतरांनी मोडीत काढलेल्या जग्वारचे सांगाडे आणून त्यांतले भाग वापरण्याची वेळ आली. २०२५ या एकाच वर्षात मार्च, एप्रिल आणि जुलै महिन्यांत एकेक जग्वार कोसळले, त्यांत तीन वैमानिक गेले. अपघाताचे कारण दर वेळी वयच असते असे नाही, आणि चौकशीविना ते ठरवूही नये. पण ज्या यंत्राचे भाग मोडीतून शोधावे लागतात, त्याला उड्डाणयोग्य ठेवण्याचा भार तळावरच्या तंत्रज्ञांवर किती पडत असेल, हे माझ्या वडिलांसारख्या माणसाला सांगावे लागत नाही.

माहेर तुटल्याचे दुसरे उदाहरण मालवाहू विमानांत आहे. लडाख आणि ईशान्येकडच्या छोट्या धावपट्ट्यांवर शिधा, औषधे, जवान पोचवणारे एएन-३२ हे १९८४ पासूनचे विमान. ते सोव्हिएत संघातल्या कीव्ह शहरात घडले. १९९१ नंतर कीव्ह युक्रेनमध्ये गेले. २००९ साली शंभरावर विमानांच्या नूतनीकरणाचा करार युक्रेनशी झाला. काही तिथे आणि उरलेली कानपूरला, असे ठरले. २०१४ साली रशिया-युक्रेन संघर्ष पेटला आणि सुटे भाग अडले, कानपूरचे काम रखडले. विमान घेताना आपण एका देशाशी करार केला, सांभाळताना तिथे दोन देश होते आणि ते एकमेकांचे शत्रू होते. चाळीस वर्षे वापरायची वस्तू घेताना हा धोका सौद्यातच दडलेला असतो.

लष्कराची चीता आणि चेतक हेलिकॉप्टरे तर त्याहून जुनी. दोन्हींचे मूळ फ्रेंच आराखडे १९५० आणि १९६०च्या दशकांतले. सियाचीनच्या ठाण्यांवर, विरळ हवेत, आजही चीताच जाते. त्याची जागा घेईल असे हलके हेलिकॉप्टर पुरेशा संख्येने हाती नाही, म्हणून. तिथे रॉकेलचा डबा पोचणे किंवा हिमदंश झालेला जवान खाली येणे हे त्या जुन्या यंत्रावर अवलंबून असते. लष्कराचे हेलिकॉप्टर-वैमानिक आमच्या नाशिकच्याच गांधीनगरच्या धावपट्टीवर तयार होतात. त्यामुळे या हेलिकॉप्टरांचा आवाज शहराच्या इतका अंगवळणी पडला आहे की कुणी मान वर करून पाहत नाही.

आता पुन्हा मिग-२१कडे येते. 'उडत्या शवपेट्या' हे विशेषण वर्तमानपत्रांनी रूढ केले आणि 'रंग दे बसंती'नंतर ते घराघरांत पोचले. वडिलांना हा शब्द कधीच सहन झाला नाही. विमानात दोष नव्हते असे ते म्हणत नाहीत. एकच इंजिन, छोटे त्रिकोणी पंख, त्यामुळे उतरतानाचा वेग फार मोठा, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होते. त्यांचे म्हणणे वेगळे होते. संथ किरण विमानावर शिकलेल्या पोराला एकदम या यंत्रात बसवायचे, तर मधली पायरी हवी. ती पायरी, म्हणजे प्रगत जेट प्रशिक्षण विमान, घ्यावी अशी शिफारस ला फाँटेन समितीने १९८२ सालीच केली होती. हॉक विमानांचा करार झाला २००४ साली आणि ती बिदरला दाखल झाली २००८ साली. शिफारस आणि दाखल होणे यांत सव्वीस वर्षे गेली. या सव्वीस वर्षांत जे तरुण थेट मिगमध्ये बसले, त्यांच्यातल्या काहींची नावे स्मारकांवर आहेत. तो हिशेब एकट्या विमानाच्या नावावर टाकणे सोपे असते. लांबलेल्या निर्णयाला शेपटीवरचा नंबर नसतो, म्हणून तो सापडत नाही.

तेजसची पत्रिकाही याच चालीची. प्रकल्पाला मंजुरी १९८३ची, पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१चे, पहिली स्क्वाड्रन १ जुलै २०१६ची. मिग-२१ची जागा घेण्यासाठी योजलेले विमान येईपर्यंत मिग-२१ला थांबावे लागले. ते बासष्ट वर्षे का टिकले, याचे निम्मे उत्तर या तीन तारखांत आहे. आणि माहेरचा प्रश्न तेजसलाही सुटलेला नाही. त्यासाठी कावेरी हे देशी इंजिन १९८९ साली मंजूर झाले, पण ते तेजसमध्ये बसू शकले नाही. आज त्यात अमेरिकेचे एफ-४०४ इंजिन आहे. २०२१ साली अशी ९९ इंजिने मागवली, त्यांतले पहिले मार्च २०२५मध्ये हाती पडले. सांगाडा तयार आणि हृदय वाटेवर, अशी मार्क-१एची अवस्था त्यामुळे झाली.

तरीही या पत्रिकेत एक चांगला योग आहे, आणि तो माझ्या गावचा आहे म्हणून सांगताना थोडा अभिमान वाटतो. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकला तयार झालेल्या पहिल्या मार्क-१एने ओझरच्या धावपट्टीवरून उड्डाण केले. जिथे आधी मिग, मग सुखोई जोडली गेली, तिथेच आता तेजसची तिसरी उत्पादन-रांग उभी आहे. विमान बांधायचे कसब असे एका पिढीच्या हातातून दुसरीच्या हातात जाते आणि मध्ये खंड पडला तर पुसले जाते. ते पुसले गेले नाही, ही छोटी गोष्ट नव्हे.

वडिलांना मी तो व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला. मला वाटले, आता ते पुन्हा नंबर विचारतील. त्यांनी विचारले, "वर्षाला किती निघणार?"

मी म्हटले, "ओझरहून चोवीस असं नाही, सगळ्या ठिकाणची मिळून चोवीसच्या आसपास काढायचं म्हणतात. इंजिनं वेळेवर आली तर."

"आणि जुनी वर्षाला किती जाणार?"

मी हौदाचे गणित सांगितले. ते काही बोलले नाहीत. चष्मा पुसून त्यांनी व्हिडिओ तिसऱ्यांदा लावायला सांगितला.