एक घास, एक शब्द

काही महिन्यांपूर्वी आमच्या बंगळुरूतील शाखेत एक वयोवृद्ध मराठी गृहस्थ मुदत ठेवीच्या नूतनीकरणासाठी आले. तोंडाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेने त्यांचा चेहरा एका बाजूला ओढला गेला होता. त्यांचे बोलणे मला उमगेना. दोनदा विचारून झाल्यावर मी नकळत त्यांच्या पत्नीकडे वळलो. त्यांनी शांतपणे खिशातील वही काढली आणि सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘ठेव माझी आहे. मला विचारा.’ त्या दोन वाक्यांनी मला पुष्कळ काही शिकवले.

रोग काढून टाकला म्हणजे रुग्ण बरा झाला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. बंगळुरूच्या होसूर रस्त्यावर १९७३ साली स्थापन झालेल्या किदवाई स्मारक कर्करोग संस्थेसारख्या रुग्णालयांतून बाहेर पडणाऱ्यांची दुसरी लढाई मात्र घरी, ताटासमोर सुरू होते. निरोगी प्रौढाच्या तोंडात साधारणतः तीन बोटे उभी मावतात. शस्त्रक्रिया व किरणोपचारांनंतर स्नायू आखडतात आणि कित्येकांच्या तोंडात एक बोटही जेमतेम जाते. लाळग्रंथींवर किरणांचा परिणाम झाल्याने तोंड कोरडे पडते. मग भाकरीचा तुकडा घशाखाली उतरत नाही आणि चिमूटभर तिखटही आगीसारखे झोंबते. मऊ भात, पेज, ताक आणि प्रत्येक घासाबरोबर पाण्याचा घोट, असा आहार होऊन बसतो. मानेतील गाठी काढताना मज्जातंतू दुखावला, तर खांदा उतरतो व हात वर नेणे अवघड होते.

वाणीचे दुःख याहून सूक्ष्म आहे. आपल्या पूर्वसूरींनी वर्णमाला उच्चारस्थानांनुसार रचली: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. जिभेचा पुढचा भाग गेला की ‘ट’ आणि ‘त’ वर्ग डळमळतात. ओठ शाबूत असतील, तर ‘प’ वर्ग बराचसा टिकतो. टाळूचा भाग काढला, तर आवाज नाकातून येतो व पाणीही नाकात शिरते. शाळेत पाठ केलेल्या या वर्गवारीचा अर्थ असा अनुभवाने कळावा, हे दैवदुर्विलासच!

तरीही मार्ग असतात. तोंड उघडण्याचे व्यायाम दिवसातून अनेकदा, महिनोन्‌महिने करावे लागतात. वाणीतज्ज्ञ उरलेल्या स्नायूंना नवी वळणे शिकवतात. टाळूची पोकळी कृत्रिम पट्टीने झाकता येते. श्री. शरद पवार यांच्यावर २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. दात काढावे लागल्याचे, तोंड उघडण्याचा, गिळण्याचा व बोलण्याचा त्रास झाल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. त्याच वर्षी ते केंद्रीय कृषिमंत्री झाले आणि पुढील दहा वर्षे त्यांनी ते पद सांभाळले. बंगळुरूचेच डॉ. विशाल राव यांनी घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र गमावलेल्यांसाठी सुमारे पन्नास रुपयांत बनणारे आवाजाचे उपकरण विकसित केले. परदेशी उपकरणांना हजारो रुपये मोजावे लागत.

उपकरण स्वस्तात बनवता येते. ऐकणारा मात्र घडवावा लागतो. येथे आपल्यासारख्यांचा संबंध येतो. अशा ग्राहकाला शांत जागी बसवावे. ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत. कागद व लेखणी पुढे ठेवावी. समजले नसताना समजल्यासारखी मान डोलावू नये. आणि सोबत कोणीही असले, तरी प्रश्न खातेदारालाच विचारावा. चेहरा बदलल्याने जुने छायाचित्र जुळत नसेल, तर ते सन्मानाने बदलून घ्यावे. जिभेच्या जागी लावण्यासाठी मनगटाजवळची त्वचा घेताना शल्यचिकित्सक शक्यतो न लिहिणारा हात निवडतात, हे समजले तेव्हा मला त्या गृहस्थांचे सुवाच्य अक्षर आठवले. शस्त्रक्रियेनंतरही माणसाची सही त्याचीच राहावी, याची काळजी वैद्यकाने घेतली आहे; ती सही मानाने स्वीकारणे आपल्या हाती आहे.

वाचकांना एक नम्र विनंती. तोंडातील व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, पांढरा वा लाल चट्टा दिसला किंवा तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाले, तर दिरंगाई न करता डॉक्टरांना दाखवावे. तंबाखू, गुटखा व सुपारी आजच सोडावी. लवकर सापडलेल्या रोगात काढावा लागणारा भाग लहान असतो, आणि उरणारे आयुष्य अधिक आपले असते.

ते गृहस्थ परवा पुन्हा आले होते. या वेळी वही खिशातच राहिली. दोघांनाही थोडा वेळ लागला, एवढेच. जाताना ते जे बोलले, ते मला पहिल्याच खेपेस समजले: ‘बरं, येतो.’