गंज आणि चिखल यांच्यामधली तार

भातखाचरात लावणीनंतर महिनाभराने एक रोप मुळासकट उपटून पाहा. कोकणातली जांभ्याची लाल माती आतून करडी-निळसर झालेली असते, मुळांवर मात्र गंजाचा तांबूस लेप असतो. भाताच्या देठातल्या पोकळ्यांमधून हवा मुळांपर्यंत उतरते, थोडी बाहेर झिरपते आणि तिथलं विरघळलेलं लोह मुळावरच गंजतं. बोटभर अंतरात दोन वेगळी जगं!

ती मोजायला प्लॅटिनमच्या तारेचं इवलंसं टोक पुरतं. टोक तेवढं उघडं ठेवून तार नळीत बंद करायची, चिखलात रोवायची, शेजारी सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड आणि दोघांना जोडणारा व्होल्टमीटर. प्लॅटिनमच का? लोखंडाची तार लावली तर ती स्वतःच्याच गंजण्याची हकिकत सांगेल. प्लॅटिनम स्वतः सहसा बदलत नाही; भोवतीची माती इलेक्ट्रॉन द्यायला उत्सुक आहे की घ्यायला, एवढंच ते सांगतं. वाचलेल्या आकड्यात संदर्भ इलेक्ट्रोडचे साधारण २०० मिलिव्होल्ट मिळवायचे, की झाला मातीचा रेडॉक्स विभव.

भुसभुशीत, हवेशीर जमिनीत तो +४०० ते +७०० मिलिव्होल्ट असतो. खाचरात पाणी भरलं, की घसरण सुरू होते. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो, आणि मातीतला साठा जीवाणू एक-दोन दिवसांत संपवतात. पण ते गुदमरत नाहीत! आधी नायट्रेटवर श्वास घेतात, मग मँगनीजवर, मग लोहाच्या ऑक्साइडवर (मातीचा लाल रंग इथेच जातो), मग सल्फेटवर. शेवटी, आकडा उणे २००च्या आसपास गेला, की मिथेन तयार होऊ लागतो. चिखलात पाय टाकल्यावर येणाऱ्या बुडबुड्यांत तोही असतो. फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतले फेलिक्स पोन्नम्पेरुमा यांनी पाण्याखालच्या मातीचं हे रसायन १९७२ सालच्या एका दीर्घ लेखात मांडलं. आजही तिथूनच सुरुवात करावी, इतका तो भरीव आहे.

वीतभर अंतरावरच्या दोन तारा शंभराहून अधिक मिलिव्होल्टच्या फरकाने बोलतात. मला तो दोष वाटत नाही. एक तार मुळाला टेकलेली असते, दुसरी कुजक्या काडीला. म्हणून बऱ्याच तारा रोवतात आणि आकडा स्थिरावेपर्यंत धीर धरतात.

पुढे खाचरातलं पाणी सोडून दिलं, की चिखलाला तडे जातात, हवा आत शिरते, आकडा वर चढू लागतो आणि भेगेच्या कडेला करड्या मातीवर गंजाची पहिली रेघ उमटते.