पत्त्यांची वही हरवली तर?

जाळ्यात जोडलेल्या प्रत्येक संगणकाला स्वतःचा पत्ता लागतो. दोघांना एकच पत्ता मिळाला, तर निरोप भलतीकडे जातात. हे पत्ते वाटण्याचे काम सर्व्हर करतो. त्यासाठीच्या 'डीएचसीपी' पद्धतीचे नियम १९९३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले.

ग्रंथालयातल्या पुस्तकासारखा पत्ताही मुदतीवर मिळतो. निम्मी मुदत संपली, की संगणक ती वाढवून मागतो. कोणता पत्ता कोणाकडे व कधीपर्यंत, याची नोंद सर्व्हर आपल्या 'वहीत' ठेवतो. विंडोज सर्व्हर या वहीची नक्कल एरवी दर ६० मिनिटांनी करतो. पण ती त्याच डिस्कवर राहिली, तर डिस्कबरोबर दोन्ही जातात. म्हणून एक नक्कल दुसरीकडे हवीच.

समजा, नक्कल १० वाजता झाली. १०.३० ला एका संगणकाला २५ क्रमांकाचा पत्ता मिळाला आणि १०.४५ ला डिस्क बिघडली. नक्कल परत बसवली, तर तिच्यात २५ क्रमांक मोकळाच दिसेल! मग सर्व्हर तो दुसऱ्यालाही देईल.

यावर उपाय सोपा आहे. पत्ता देण्यापूर्वी सर्व्हरने त्या पत्त्यावर हाक मारायची. कोणी ओ दिली, तर तो पत्ता वगळायचा. विंडोजमध्ये ही सोय मुद्दाम चालू करावी लागते. बंद संगणक मात्र ओ देत नाही. पुन्हा सुरू झाल्यावर तो जुनाच पत्ता मागतो. तो दुसऱ्याला गेलेला असेल, तर सर्व्हर नकार देतो आणि त्याला नवा पत्ता घ्यावा लागतो.

वर्गात मुलांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटून हा खेळ करून पाहा. नक्कल नेहमी थोडी जुनीच असते, हे मुलांना आपोआप उमगेल.