प्रजेपासून नागरिकापर्यंत : आजीचे पहिले मत

उमरखेडच्या आमच्या घरी दर निवडणुकीला आजीची एक आठवण निघते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी मतदारांची नावे लिहून घेणारा कर्मचारी दुकानाच्या पायरीशी आला आणि त्याने घरातील स्त्रियांची नावे विचारली. आजोबांनी सवयीप्रमाणे सांगितले, "लिहा, थोरल्या मुलाची आई." कर्मचारी नम्रपणे म्हणाला, "शेठजी, असे चालणार नाही. बाईंचे स्वतःचे नाव हवे." आजोबा घुटमळले. तेवढ्यात आतून, पदराआडून, आजीनेच आपले नाव सांगितले. परक्या माणसासमोर स्वतःचे नाव उच्चारण्याची ती आपली पहिलीच वेळ, असे ती पुढे सांगत असे.

लहानपणी ही गोष्ट गमतीची वाटे. बँकेतून निवृत्त झाल्यावर वऱ्हाडचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा तिचे खरे मोल ध्यानात आले.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे व्यापारासाठी मारवाडातून वऱ्हाडात आली. आजोबांचा जन्म जोधपूर संस्थानातला. म्हणजे जन्माने ते तेथील महाराजांची प्रजा. दुकान मात्र उमरखेडला. आणि उमरखेड कोणाचे? १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी दरसाल २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने घेतला आणि १९०३ पासून तो मध्य प्रांताला जोडला गेला. तथापि निजामाचे सार्वभौमत्व कागदोपत्री कायमच राहिले. १९३६ च्या करारानंतर तर निजामाचा वारस 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणवला जाऊ लागला. मालक एक आणि वहिवाटदार दुसरा, अशी ही मिळकत होती. तीत राहणाऱ्या माणसाला मात्र कोणी विचारत नव्हते.

मतदानाचीही तीच तऱ्हा. १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडात निवडणुका होऊ लागल्या; परंतु हा प्रांत कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नसल्यामुळे निवडून आलेल्या सदस्याला सरकार नियुक्त करी आणि मगच तो कायदेमंडळात बसे. मताचा अधिकारही मिळकत, कर किंवा शिक्षण यांवर अवलंबून असे. आजोबा कर भरत, म्हणून यादीत त्यांचे नाव होते. दुकानातील हमालाचे नव्हते आणि आजीचेही नव्हते.

२६ जानेवारी १९५० रोजी हे सारे पालटले. संविधानाच्या पाचव्या अनुच्छेदाने जोधपूरच्या महाराजांची प्रजा, निजामाची रयत आणि इंग्रजांचा करदाता हे तिघेही एकाच दिवशी भारताचे नागरिक झाले. अनुच्छेद ३२६ ने २१ वर्षांच्या प्रत्येक नागरिकाला मत दिले. पैनगंगेपलीकडच्या हदगावकडील आपले नातलग १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होते. तेही आता त्याच रांगेत आले.

१९५१-५२ च्या त्या निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार होते. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे एक विलक्षण अडचण उभी राहिली. अनेक स्त्रिया आपले नाव सांगेनात. 'अमक्याची आई', 'तमक्याची पत्नी' एवढीच त्यांची ओळख नोंदली गेली. अशा नोंदी स्वीकारायच्या नाहीत, असे ठरले. परिणामी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. ही अडचण ज्या भागांत अधिक होती, त्यांत राजस्थानही होते, आपल्या वडिलांचा आणि आजोबांचा मुलूख. आजी त्या दिवशी गप्प राहिली असती, तर त्या २८ लाखांत आणखी एकीची भर पडली असती.

त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह लावलेले असे. मतपत्रिकेवर खूण करायची नव्हती. आपल्या पसंतीच्या पेटीत ती टाकायची, एवढेच. आजी आडोशाच्या आत एकटी गेली. बाहेर आल्यावर आजोबांनी कोणती पेटी, असे विचारले. "ते सांगायचे नसते, असे त्या साहेबांनी बजावले आहे," एवढेच ती म्हणाली आणि अखेरपर्यंत तिने ते सांगितले नाही. बोटावरची शाई मात्र ती शेजारणींना कौतुकाने दाखवीत असे. उमरखेड तेव्हा मध्य प्रदेशात होते. १९५६ मध्ये ते द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. राज्ये बदलली, आजीचे मत तिच्याकडेच राहिले.

येथे एक कबुली देणे भाग आहे. बँकेच्या नोकरीत माझ्या अनेक बदल्या झाल्या. प्रत्येक गावी गॅसची जोडणी, मुलांची शाळा, पत्रव्यवहाराचा पत्ता सारे तत्परतेने बदलले. मतदार यादीतील नाव बदलायचे मात्र राहून गेले. ग्राहकांना ओळखीच्या कागदपत्रांसाठी दहा वेळा हेलपाटे घालायला लावणारा मी, एका निवडणुकीत केंद्रावर गेलो आणि यादीत नावच नसल्यामुळे परतलो. दोष सर्वस्वी माझा होता. त्या रात्री आजीची फार आठवण झाली.

आज आपल्या घरांत नवे प्रश्न आहेत. परदेशी नागरिकत्व असलेली सून घरात आली, तर विवाहाने ती आपोआप भारतीय होत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार भारतात सात वर्षे वास्तव्य झाल्यावर तिला नोंदणीसाठी अर्ज करता येतो. नागरिकत्व मिळाले, निष्ठेची शपथ झाली, तरी मतदार यादीत नाव येण्यासाठी नमुना ६ स्वतंत्रपणे भरावा लागतो. उलट, परदेशी गेलेला मुलगा भारतीय पारपत्रावर असेल, तर नमुना ६-अ भरून तो गावच्या यादीत नाव नोंदवू शकतो. मत द्यायला मात्र त्याला स्वतः यावे लागते. त्याने तेथील नागरिकत्व स्वेच्छेने घेतले, की येथील मत संपले. 'ओसीआय' कार्डाने येणे-जाणे सुकर होते, मतदान नव्हे.

दिवाळीला आपण वहीपूजन करतो, वर्षाचा जमाखर्च मांडतो. त्याच सुमारास घरातील प्रत्येकाचे नाव मतदार यादीत आहे का, ते बरोबर लिहिले आहे का, हेही एकदा पाहावे, अशी सर्व वाचक बंधुभगिनींना विनंती आहे. आणि घरातील सुनेचे नाव लिहायचे असेल, तर ते दुकानात न विचारता तिलाच विचारावे.