घोणस, काचेची नळी आणि प्लाझ्मा

भातखाचरात नाहीतर उसाच्या फडात घोणस चावलेला माणूस ग्रामीण रुग्णालयात आला, की पहिली तपासणी अगदी साधी असते. शिरेतून दोनेक मिली रक्त काढायचं, नव्या, कोरड्या काचेच्या नळीत सोडायचं आणि नळी २० मिनिटं उभी ठेवायची. मध्ये हलवून बघायचं नाही. वेळ झाली की एकदाच तिरपी करायची. रक्त गोठलं असेल तर जागचं हलत नाही. विष भिनलं असेल तर सरळ ओघळतं. नळी प्लास्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेलीही नाही. नळीतलं रक्त गोठायला सुरुवात होते ती स्वच्छ काचेच्या स्पर्शाने.

ओघळणाऱ्या त्या रक्तात तांबड्या पेशी असतातच. संपलेलं असतं ते प्लाझ्मातलं फायब्रिनोजेन.

शाळेत आपण तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, बिंबिका पाठ करतो आणि त्या ज्यात तरंगतात तो पिवळसर द्रव एका ओळीत उरकतो. रक्ताचा सुमारे ५५ टक्के भाग म्हणजे हा प्लाझ्मा. त्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी. क्षार, साखर, युरिया, संप्रेरकं यांची ने-आण त्यातूनच चालते. खरी करामत मात्र सहा ते आठ टक्के प्रथिनांची. त्यांत अल्ब्युमिन सर्वांत जास्त. ते पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवतं. यकृताने ते बनवणं कमी केलं किंवा मूत्रपिंडांतून ते गळू लागलं, की पाय सुजतात, पोटात पाणी होतं.

फायब्रिनोजेन त्या मानाने चिमूटभर, १०० मिलीत २०० ते ४०० मिलिग्रॅम. जखम झाली की त्याचे धागे बनतात, त्या जाळीत पेशी अडकतात आणि रक्त थांबतं. घोणशीचं विष नेमकी हीच प्रक्रिया जखम नसतानाही सगळ्या शरीरात सुरू करून देतं. साठा नको तिथे खर्ची पडतो. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागतं, आणि ते थांबवायला काही उरलेलं नसतं.

गंमत अशी, की यावरचा उतारा प्लाझ्मातूनच येतो, पण घोड्याच्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष घोड्याला अगदी अल्प मात्रेपासून वाढवत टोचतात. त्याच्या प्लाझ्मात प्रतिपिंडं तयार होतात. तीही प्रथिनंच, ग्लोब्युलिन गटातली. मग रक्त काढून प्लाझ्मा वेगळा करतात आणि तांबड्या पेशी घोड्याला परत देता येतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचं नाव या कामाशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेलं आहे.

घोड्याच्या या प्रतिपिंडांपासून बनवलेली सर्पविषावरची लस रक्त गोठवत नाही. ती फक्त विषाला निकामी करते. फायब्रिनोजेन पुन्हा बनवायचं काम यकृताचं, आणि त्याला काही तास लागतात. म्हणून नळीची तपासणी सहा तासांनी पुन्हा करतात. नातेवाईक प्लाझ्माच्या पिशवीसाठी ब्लड बँकेकडे धावतात, पण लस न देता नुसती पिशवी चढवणं म्हणजे विषाला आणखी खाद्य पुरवणं.

तेव्हा घोणस चावली तर दोरी आवळण्यात, चिरा देण्यात किंवा मांत्रिकाकडे वेळ दवडू नका. चावलेला हात-पाय स्थिर ठेवा आणि लस असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय गाठा.