बिडाचा तवा, नारळाचा रस

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि त्याची पहिली औद्योगिक वसाहत ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली. कारखान्यांना माणसं हवी होती, कोकणातल्या घरांना नोकऱ्या हव्या होत्या. किसननगर, श्रीनगर, लोकमान्यनगर इथल्या चाळींत आणि नंतरच्या इमारतींत मालवण, राजापूर, लांजा, महाड अशी गावं भिंतीला भिंत लावून नांदू लागली. पुढे बरेच कारखाने बंद पडले आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. पण गावाहून पोत्यात गुंडाळून आणलेला बिडाचा तवा पुष्कळ घरांत अजून आहे. त्या तव्यावरचं घावन आणि खापरोळी यांना मी आपल्या स्वयंपाकातलं फार मोठं कसब मानतो. जिन्नस मोजके, चूक लपवायला जागा नाही.

घावनाला लागतं तांदळाचं पीठ, पाणी आणि मीठ. तांदूळ जुना हवा. नवा तांदूळ चिकट होतो आणि घावन तव्यावरून सुटताना फाटतं. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून गिरणीतून बारीक दळून आणला तर उत्तम. ती सोय नसेल तर चार-पाच तास भिजवून मिक्सरमध्ये गंधासारखा वाटावा. एक वाटी पिठाला दीड ते दोन वाट्या पाणी घालायचं. त्यातलं थोडं पाणी कमी करून त्या जागी नारळाचा पातळ रस घातला की घावन मऊ राहतं आणि कडेला हलका सोनेरी रंग येतो. दाट रस मात्र पिठात घालू नये. घावन जड होतं आणि लवकर करपतं.

गव्हाच्या पिठाला ताण देणारं ग्लुटेन तांदळात नसतं. घावन एकसंध राहतं ते शिजलेल्या पिष्टाच्या जोरावर. तापलेलं पाणी पिऊन पिष्टाचे कण फुगतात आणि एकमेकांना धरून बसतात. म्हणून इथे तव्याचा ताव फार महत्त्वाचा. तवा पुरता तापलेला असेल तर पातळ पीठ पडताक्षणी चर्र असा आवाज येतो, तळाशी पाण्याची वाफ होते आणि ती वर येताना भोकं पाडते. त्याच वेळी भोवतालचं पीठ शिजतं आणि ती भोकं तशीच राहतात. घावनाची जाळी म्हणजे हीच. तवा थंड असेल तर वाफ जोर धरत नाही आणि हातात येतो तो नुसता पांढरा, गुळगुळीत पापुद्रा.

हे पीठ डोशासारखं मधून कडेकडे फिरवता येत नाही. वाटीने किंवा हाताने कडेपासून सुरुवात करायची आणि गोल गोल मध्याकडे यायचं. राहिलेल्या फटींत थोडं थोडं पीठ सोडायचं. पसरवायला गेलं की जाळी मोडते. मग मिनिटभर झाकण. कडा आपोआप सुटू लागल्या की उलथनं घालायचं, त्याआधी नाही. आणि प्रत्येक घावनाआधी पीठ तळापासून ढवळायलाच हवं, कारण तांदळाचं पीठ दोन मिनिटांत खाली बसतं. मालवणी घरात मुलगी पहिल्यांदा तव्याशी उभी राहिली की मागून पहिली हाक येते ती हीच: "गो, आधी पीठ ढवळ!" वरचं पाणी ओतलं गेलं तर घावन विरतं, तळचा साका ओतला गेला तर भाकरीसारखं जाड होतं.

तव्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बन जास्त असतो, त्यामुळे ते कडक असतं पण ठिसूळही. तापलेल्या तव्यावर गार पाणी टाकलं तर तडा जातो. ते तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की गार पीठ पडूनही त्याचा ताव फारसा उतरत नाही. बाजारातून आणलेला नवा तवा खरखरीत असतो. तो घासून धुवावा, कोरडा करावा, तेल लावून मंद आचेवर धूर येईपर्यंत तापवावा आणि गार होऊ द्यावा. असं काही वेळा केलं की तेलाचा पातळ, कडक थर लोखंडाला धरून बसतो आणि तवा काळाभोर तुळतुळीत होतो. रोज अर्ध्या कांद्याने किंवा नारळाच्या सोडणाने तेल फिरवायचं. साबणाने खसाखसा घासायचा नाही, चिंच-टोमॅटोचं आंबट त्यात शिजवायचं नाही. नॉनस्टिक तव्यावर घावन सुटतं सहज, पण तो तवा इतका कडक तापवू नये अशीच सूचना असते, म्हणून जाळी फिकी पडते. मी बिडाच्याच बाजूने आहे.

आता घावनासोबतचा गोड रस. एका नारळाचा चव खवणीवर पांढरा पांढराच काढायचा. करवंटीजवळची तपकिरी साल आली की रसाचा रंग आणि चव दोन्ही उतरतात. कोमट पाणी घालून वाटायचं आणि स्वच्छ फडक्यातून पिळायचं. पहिला निघतो तो दाट रस. चोथ्यात पुन्हा पाणी घालून वाटला की पातळ रस. गूळ पातळ रसात विरघळवून गरम करायचा, वेलची आणि चिमूटभर मीठ घालायचं आणि आच बंद केल्यावर दाट रस मिसळायचा. नारळाचा रस म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे बारीक थेंब, प्रथिनांच्या आवरणात सांभाळलेले. खळखळून उकळला की ते आवरण मोडतं आणि रस फाटतो. हे चुकलं तर सुधारता येत नाही.

खापरोळी हे याच घराण्यातलं निवांत काम. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, चमचाभर मेथ्या. सकाळी भिजत घालायचं, संध्याकाळी वाटायचं, रात्रभर झाकून ठेवायचं. उडदाचा चिकटपणा आंबताना तयार होणारा वायू धरून ठेवतो, त्यामुळे पीठ फुगतं. ठाण्याच्या थंडीत याला वेळ लागतो. भांडं बंद ओव्हनमध्ये किंवा उबदार कोपऱ्यात ठेवावं. काही घरांत चिमूटभर हळद घालतात. पूर्वी हे मातीच्या खापरावर करत, आता बिडाच्या तव्यावर, पण जाडच घालायचं आणि मंद आचेवर झाकण ठेवून शिजवायचं. गरम खापरोळी गोड रसात सोडली की तिची भोकं रस शोषून घेतात. पाव तास मुरू द्यावी. रस कोमट असला तर ती मऊ होते पण मोडत नाही.

हे काही एकट्या मालवणचं वैभव नाही. रत्नागिरी-रायगडकडे गौरींना घावन-घाटल्याचा नैवेद्य असतो. ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि अंडं घालून चिताप करतात. त्यांच्या जुन्या वस्तीची खूण ठाण्यात तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चपाशी सापडते. सारस्वतांचा पानपोळो तांदूळ आणि ओलं खोबरं एकत्र वाटून होतो. खाली केरळात आणि श्रीलंकेत खोलगट कढईतलं अप्पम आहे, मध्ये जाड आणि कडेला जाळीचं. सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर भात आणि माड शेजारी शेजारी वाढतात. तव्यावर ते एकत्र आले यात नवल नाही.

काळजी वाटते ती एकाच गोष्टीची. हे पदार्थ आता गौरी-गणपतीपुरते आणि मालवणी हॉटेलच्या यादीपुरते उरत चालले आहेत. घावन फक्त सणाचं नाही, सकाळच्या पाळीला जाणाऱ्या माणसाच्या न्याहारीचं अन्न आहे. पीठ रात्री कालवून ठेवलं तर सकाळी चार माणसांची घावनं अर्ध्या तासात होतात आणि सोबत रस नसला तरी लसणाची चटणी पुरते. पाकिटातलं नारळाचं दूध घाईच्या दिवशी वापरायला हरकत नाही, फक्त ते पाणी घालून सैल करावं आणि उकळू नये. गणपतीला गावी गेलात तर घरातला जुना तवा मागून घ्या. तो नसेल तर बाजारातून जड, जाड बुडाचा बिडाचा तवा विकत घ्या. पहिली दोन-तीन घावनं मोडतील. ती टाकू नका, गुळाच्या रसात घालून खा आणि चौथं घालायला घ्या.