शेणाचा कोळसा : पेडण्याच्या शेतीला उपयोग किती, मर्यादा कोणत्या?

पावसाळ्यापूर्वी वाफ्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा आणि माती यांचे थर रचून ते सावकाश जाळण्याची ‘राब’ पद्धत कोकणात पूर्वापार चालत आली आहे. भाजलेल्या जागी भाताचे रोप जोमाने येते आणि तणही कमी उगवते, हा त्यामागचा अनुभव. कृषिरसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस वोल्कर यांनी १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय शेतीविषयक अहवालात या पद्धतीची दखल घेतली होती. त्याच अहवालात, सरपण म्हणून शेण जाळल्याने शेती खताला मुकते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले होते. शेण जाळावे की शेतात घालावे, हा जुना प्रश्न जैवकोळशाच्या, म्हणजेच बायोचारच्या निमित्ताने पुन्हा समोर आला आहे.

राख नव्हे, कोळसा

उघड्यावर जाळलेल्या शेणाची राख होते. वाळलेले शेण झाकबंद पिंपात, हवा जवळजवळ न लागू देता सुमारे ३५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले, तर कोळसा उरतो. शेणखतातील सेंद्रिय द्रव्य उष्ण व दमट हवामानात झपाट्याने कुजून संपते. कोळशातील कार्बनचा मोठा भाग मात्र अनेक दशके जमिनीत टिकून राहतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील प्राचीन वस्त्यांच्या परिसरात आढळणारी सुपीक काळी माती हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

पेडणे तालुक्यातील मोरड जमिनींना हा गुण उपयोगी पडू शकतो. या जमिनी जांभ्या आणि आम्लधर्मी आहेत. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याबरोबर पोषकद्रव्ये वाहून जातात. जे स्फुरद उरते, तेही लोह व ॲल्युमिनियमशी बांधले जाऊन पिकाला सहजी मिळत नाही. शेणाचा कोळसा अल्कधर्मी असल्याने आम्लता काहीशी कमी करतो. लाकडी कोळशाच्या तुलनेत त्यात स्फुरद आणि पालाशही अधिक असते. त्याची सच्छिद्र रचना ओलावा आणि पोषकद्रव्ये धरून ठेवण्यास मदत करते.

नत्राची किंमत

या लाभाची किंमत नत्राच्या रूपाने मोजावी लागते. तापमान वाढते तसे शेणातील नत्र वायुरूपाने निघून जाते आणि जे उरते तेही पिकाला लवकर उपलब्ध होत नाही. म्हणून कोळसा हा शेणखताला पर्याय ठरत नाही. तो जमीन सुधारणारा घटक आहे.

हिशेबही डोळ्यांआड करून चालणार नाही. हेक्टरी १० टन हे प्रमाण धरले, तर चौरस मीटरला १ किलो कोळसा लागतो. म्हणजे ४०० चौरस मीटरच्या मिरचीच्या तुकड्याला ४०० किलो. वाळलेल्या शेणाचा साधारण निम्म्या वजनाइतका कोळसा मिळतो आणि ओल्या शेणात सुमारे ८० टक्के पाणी असते. म्हणजे या ४०० किलोंसाठी जवळपास ४ टन ओले शेण हवे. दिवसाला १० किलो शेण देणाऱ्या गायीचे हे वर्षभराहून अधिक काळाचे शेण झाले. ज्याच्या गोठ्यात एक-दोन जनावरे आहेत, त्याने ते सारे पिंपात घालणे परवडणारे नाही.

कुठे आणि कसे वापरावे?

त्यामुळे शिल्लक शेण असलेल्या गोठ्यांनाच हा मार्ग सोयीचा ठरेल. सर्व शेतात पसरण्यापेक्षा रोपवाटिका, भाजीचे वाफे किंवा हरमल मिरचीसारखे मोलाचे पीक निवडावे. परिणाम टिकाऊ असल्याने दरवर्षी मात्रा देण्याची गरज नसते.

ताजा कोळसा थेट मातीत मिसळल्यास तो सुरुवातीला नत्र शोषून घेऊ शकतो. म्हणून तो कंपोस्टमध्ये किंवा गोमूत्रात काही आठवडे मुरवून मगच वापरावा. भुकटी ओली करूनच हाताळावी. तिची धूळ श्वसनास अपायकारक असते. कोंबडीखतापासून केलेल्या कोळशात खाद्यातून आलेले तांबे व जस्त अधिक साठलेले असू शकते. शेणाच्या कोळशात क्षारही असतात. त्यामुळे आधीच खारटपणाशी झुंजणाऱ्या खाजन जमिनीत माती परीक्षणाशिवाय तो घालू नये.

पाऊस संपल्यावर वायंगणी लागवडीपूर्वी दोनच वाफे निवडून, एकात केवळ शेणखत आणि दुसऱ्यात तेवढेच शेणखत व मुरवलेला कोळसा घालून पाहणे, हा सर्वांत कमी खर्चाचा प्रयोग. आपल्या मातीला कोळसा मानवतो की नाही, याचे उत्तर एका हंगामात तिथेच मिळू लागेल. तोवर गोठ्यातल्या शेणावर पहिला हक्क खताच्या खड्ड्याचाच राहावा.